झाकून ठेवलेली पोळी

दोनच पोळ्या लाटल्या. पहिली करपली, ती मी ताटात घेतली. दुसरी टम्म फुगली, तिला तूप लावून डब्यात झाकून ठेवली.

विरजण मागायला आलेल्या शेजारच्या कुमुदकाकूंनी विचारलं, "कुणी यायचंय का जेवायला?"

"कोण येणार आता?" घटस्फोटाला सहा महिने झाले होते.

"मग चांगली पोळी कुणासाठी राखलीस?"

"मला करपलेलीच आवडते." लग्नाची चौदा वर्षं मी हेच सांगत आले होते.

काकूंनी माझ्या ताटातली पोळी उचलली आणि डबा पुढे सरकवला. "गरम आहे तोवर खा."

मी घास तोडला आणि सवयीने दाराकडे पाहिलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या कमाईची पोळी मी चोरून खाल्ल्यासारखी खाल्ली.

पण अख्खी खाल्ली.