कुरवाळण्याची रीत

सात महिन्यांनी हरिओम पुण्याहून टेंभुर्णीला आला, तो पाळलेली मांजर आठ दिवसांसाठी आईच्या पदरात टाकायला. नवरा-बायको केरळला निघाले होते. गाडी दारात चालूच होती. तुळजाबाईंनी भाकरी थापावी तसा मांजरीच्या डोक्यावर तळवा ठेवला आणि तो ओरडला.

"आई, तसं न्हाई! आधी एक बोट पुढं कर, तिला हुंगू दे. तिनं गाल घासला तरच हनुवटीखाली खाजव. शेपटी आपटली, की तिला नको झालंय असं समजायचं. लगेच हात मागं घ्यायचा."

"आन् आपल्याला वाईट वाटलं तर?"

"तिला काय त्याचं?" हरिओम घड्याळात पाहत म्हणाला.

तुळजाबाईंनी बोट पुढं केलं. मांजरीनं गाल घासला आणि ती मांडीवर येऊन बसली.

हरिओम निघाला, तशी मांजर खाली ठेवून त्या उठल्या. त्याच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडावीत म्हणून तुळजाबाईंनी दोन्ही हात उचलले, तर त्यानं झटकन मान मागं घेतली. "आई, हात नको लावू. मांजराचे केस लागतील."

तुळजाबाईंनी लगेच हात मागं घेतले.

"चुकलंच माझं. तुला शेपटी न्हाई ना बाबा, म्हून कळलं न्हाई."