आधी उतरायचं ते शेवटी

"बंदच हवा," सून म्हणाली. "आणि दोन एक्सलचा, चार चाकांचा."

नानांनी ट्रेलरच्या पांढऱ्या पत्र्यावर टकटक केली. "हा कसला ट्रेलर? चाकं लावलेलं कपाट आहे हे. क्वाड बाईक म्हणजे काय चांदीची भांडी, कुलपात ठेवायला?"

ट्रेलरवाला हसला. सून हसली नाही. तिने हसावं अशी नानांचीही इच्छा नव्हती.

दोघं एकाच घरातून निघाले होते. ती गाडीने आली, नाना बसने. ती चालवत असेल त्या गाडीत पाय ठेवायचा नाही, हे नानांनी दोन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. त्या दिवशी स्टिअरिंगवर ती होती आणि शेजारी नानांचा एकुलता एक मुलगा. मागे जुना उघडा ट्रेलर, त्यावर दोन क्वाड, माळरानावर फिरवायच्या जाड चाकांच्या चारचाकी मोटारसायकली. टेकडीच्या उतारावर गाडी उलटली. मुलगा जागच्या जागी गेला. ती डावा हात मोडून परत आली. तो हात अजून सरळ होत नव्हता.

इस्पितळात नानांनी तिला एवढंच विचारलं होतं, "कसं झालं?"

ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी वेगात होते."

एवढा वेळ लावला म्हणजे सबब शोधत असणार आणि ती सापडली नसणार, असं नानांनी मनाशी धरलं. पोलिसांनाही तिने तेच सांगितलं. तेव्हापासून नाना तिच्याशी कामापुरतं बोलत. खरं तर तिच्यावरच्या रागानेच त्यांना उभं धरलं होतं. तो सुटला असता तर पोर गेल्याचं दुःख तेवढं उरलं असतं, आणि ते एकट्याने पेलणारं नव्हतं.

आता तिला नवऱ्याचा धंदा पुन्हा उभा करायचा होता. माळावर येणाऱ्या हौशी मंडळींना क्वाडवर फिरवायचं. क्वाड गाड्या नानांच्या नावावर होत्या. ते नाही म्हणाले तर ती नातीला घेऊन माहेरी जाणार होती. "एकदा ट्रेलर बघा, मग काय ते सांगा," एवढंच तिने मागितलं होतं. नाही म्हणायचं ठरवूनच नाना बसमध्ये चढले होते.

"आत या, काका." ट्रेलरवाल्याने दिवा लावला. पुढच्या भिंतीजवळ, तळाच्या फळ्यांवर लोखंडी चौकटी घट्ट बसवलेल्या होत्या. "ताईंनी खास सांगून करून घेतल्यात. मोठ्या क्वाडची चाकं यांच्यातच बसणार. दुसरीकडे ती उभीच करता यायची नाही. त्याचं कारण असं की—"

"ते राहू द्या," सून घाईने म्हणाली. "पट्टे बांधायच्या कड्या दाखवा."

"पण काकांना जरा—"

"कड्या दाखवा ना."

नानांचं डोकं तापलं. "मला कुणी शिकवायला नको. जन्मभर गोदामात ट्रक भरलेत मी. मोठी गाडी अशी आत कोंबलीत तर बाहेर काढणार कधी? आधी उतरायचं ते शेवटी चढवायचं. शेंबड्या पोरालाही कळतं हे."

सून मान खाली घालून कड्या ओढून बघत राहिली.

मुलाला मात्र नानांच्या हाताचं भारी कौतुक होतं. "नाना, तुम्ही भरलंत की बघायलाच लागत नाही," म्हणायचा. त्या शेवटच्या सकाळीही तो ओट्यावर चहा पीत बसला होता आणि नाना एकटेच गाड्या चढवत होते. पोराला तेवढाच आराम. ते आठवलं की नानांना बरं वाटे. आपल्या हातून त्याला शेवटचं काही मिळालं असेल, तर ते एवढंच.

"हूक जुळतो का बघू या," सून म्हणाली. "मी गाडी मागे घेऊन येते." ती फाटकाकडे गेली.

ट्रेलरवाल्याने तिच्या पाठीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताई नको म्हणाल्या होत्या, पण तुम्ही माल भरणारे. तुम्हाला गंमत वाटेल. तुमचा नियम ट्रकला चालतो, काका. ट्रेलरला नाही."

नानांना शेजारच्या ऑफिसात नेऊन त्याने टेबलावरचा नमुन्याचा छोटा लाकडी ट्रेलर पुढे घेतला. पुढच्या टोकाला एक जाड नट ठेवला आणि दोरीने ओढला. ट्रेलर शहाण्यासारखा सरळ आला. मग त्याने नट मागच्या दाराशी सरकवला आणि पुन्हा ओढला. ट्रेलरची शेपूट डावीकडे गेली, उजवीकडे गेली, मग आणखी जोरात डावीकडे, आणि अख्खा ट्रेलर टेबलावरून खाली पडला.

"वजन मागे गेलं की असं होतं. ओढणारी गाडी हातात राहत नाही."

नाना खाली पडलेल्या ट्रेलरकडे बघत राहिले. "चालवणारा सावकाश असला तरी?" त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"उतार असला तर सावकाश असूनही जाते हो. चालवणारा बिचारा काय करणार? भरणाऱ्याने बघायला हवं."

नाना वाकले. त्यांनी ट्रेलर उचलला. ती सकाळ त्यांना पुन्हा लख्ख दिसली. छोटी क्वाड पुढे ढकलली होती. मोठी, जड, दोन माणसांची क्वाड अगदी मागे, मागच्या फळीला टेकवून; माळावर पोचल्यावर पोराला ती आधी उतरवता यावी म्हणून.

बाहेर गाडीचं इंजिन बंद झालं. सून आत आली आणि दारातच थांबली. तिने नानांच्या हातातला लाकडी ट्रेलर पाहिला, मग त्यांचा चेहरा.

"पोरी," नाना म्हणाले. दोन वर्षांत त्यांनी तिला अशी हाक मारली नव्हती. "त्या दिवशी मोठी गाडी मी..."

ती झटकन पुढे आली. सरळ न होणाऱ्या डाव्या हाताने तिने तो ट्रेलर त्यांच्याकडून काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"मी वेगात होते, नाना," ती म्हणाली.