बिनभाड्याचं घर

हैदराबादच्या निजामी कचेरीतला कारकून मुलगा बसवंतरावांनी थोरल्या लेकीसाठी नाकारला. तो एका खोलीत राहायचा, चौथा हिस्सा पगार भाड्यात जायचा आणि दूध, सरपणही विकतच. मग त्यांनी ती लेक, उमादेवी, ताडकळस गावी दिली. तिथं अकरा खणांचं घर, दारात विहीर, गोठ्यात म्हशी.

दिवाळीला लेकीला न्यायला ते आले, तेव्हा ती घर सारवत होती. सकाळपासून वाकलेली होती, तरी निम्मं घर राहिलं होतं.

"केवढं ऐसपैस घर हाय, अन् भाडं छदाम न्हाई," बसवंतराव कौतुकानं म्हणाले.

उमादेवीनं शेणाचा हात बाजूला धरून मनगटानं घाम पुसला.



"आप्पा, धाकटीला मातर हैदराबादचंच स्थळ बघा. एका खोलीचं."