ढगाची सावली

"साहेब, इथं पाणी हिरवंगार दिसतंय. उतरू का?" पाण्याचे नमुने घ्यायला गेलेल्या चिमणीनं, त्यांच्या हाताखालच्या पोरीनं, होडीवरून फोन केला होता.

"ढगाची सावली आहे गं. उतर बिनधास्त."

ते विषारी शेवाळ साहेबांनी उपग्रहाच्या चित्रात स्वतः पाहिलं होतं. पण मोहीम रद्द झाली तर वरच्यांची बोलणी कोण खाणार? म्हणून रोज चित्रातले ढग पुसतात, तसं त्यांनी तेही ढग ठरवून पुसून टाकलं होतं.

चिमणी वर आलीच नाही.

तेव्हापासून तो हिरवा डाग रोजच्या चित्रात उमटायचा. साहेब तो ढग म्हणून पुसायचे, आणि दुसऱ्या दिवशी तो किनाऱ्याच्या आणखी जवळ दिसायचा. मग तो किनारा ओलांडून रस्त्यावर आला.

"जमिनीवर कुठलं आलंय शेवाळ?" शेजारचा तंत्रज्ञ हसला. "यंत्र बिघडलंय, साहेब."

आज भरदुपारी डाग नेमका त्यांच्या कार्यालयावर होता. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ निरभ्र होतं. पण खोलीतला उजेड हिरवा होत गेला, आणि त्यांच्या मोज्यांत गार पाणी झिरपलं.

फोन वाजला.

"ढगाचीच सावली आहे, साहेब," चिमणी म्हणाली. "उतरा बिनधास्त."