अर्ध्या ओळीतला श्वास

"माझी ढब कुणी चोरली, तर त्याचे दात घशात घाल. शब्द दे मला," शेवटच्या दुखण्यात दादा म्हणाला होता, आणि धाकट्याने शब्द दिला होता. रॅप करताना अर्ध्या ओळीत थांबायचं, खोल श्वास घ्यायचा आणि उरलेले शब्द गोळ्यांसारखे झाडायचे, ही दादाची ढब. दादामागे धाकट्याने स्टेज सांभाळलं आणि दिलेला शब्दही.

आज एक नवखा गडी तसाच थांबला. धाकट्याने त्याला केसांना धरून खाली ओढलं आणि माइकनेच त्याचं तोंड फोडलं. वर्षभरातला हा तिसरा.

घरी आई त्याच्या मुठीवरचं रक्त धुऊ लागली.

"दादाची चोरी करत होता गं मेला!" तो अजून धुमसत होता.

"अरे, दादाला धाप लागायची, म्हणून थांबायचा तो," आई हळूच म्हणाली. "तुझी छाती तर देवाच्या दयेने ठणठणीत आहे. मग तू का रे थांबतोस अर्ध्या ओळीत?"



धाकट्याने हात कोरडे केले, तो आरशासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने धुतलेली मूठ पुन्हा वळली.