बोट शिरणार नाही असा पिंजरा

माणसाच्या बुद्धीपुढे जनावराचा निभाव लागत नाही, हे त्या संध्याकाळी परसात एकदाचं सिद्ध होणार होतं. फक्त एक कोपरा जोडायचा राहिला होता.

वस्तीतल्या निम्म्या खिडक्यांच्या जाळ्या वेल्डरच्या हातच्या होत्या. घरच्या कोंबड्या मात्र लाकडी खुराड्यात राहत आणि एकेक करून कमी होत. नेणारा कोल्हा. घरात त्याला जावई म्हणत, कारण तो न कळवता येई आणि कोंबडी खाल्ल्याशिवाय जात नसे. बायकोच्या आईनं दिलेल्या कोंबड्यांपैकी आता थोरली तेवढी उरली होती, आणि ती अंड्यांवर बसली होती.

“ही गेली, तर आईचं म्हणून या घरात काही उरायचं नाही,” बायकोनं बजावलं होतं. “आणि खुराड्याचं दार जावई उघडत नाही. तुम्ही उघडं टाकता.”

वेल्डरनं ते मनावर घेतलं. नव्या पिंजऱ्याचं दार त्यानं असं केलं की ते उघडं राहूच शकत नव्हतं. सोडलं की स्प्रिंगनं आपोआप लागायचं आणि बाहेरून जाडजूड कडी खाली पडायची. कडी उचलायला दोन्ही हात लागत. कोल्ह्याला ते जमणार नव्हतं. जाळी इतकी दाट की बोट शिरणार नाही. एवढी खात्री झाल्यावर त्यानं जुनं खुराडं मोडलं, थोरलीला अंड्यांसकट टोपलीत बसवून भिंतीकडेला ठेवलं, दाराला वीट लावली आणि शेवटचा कोपरा जोडायला तो आत शिरला. बायको दुकानात गेली होती.

कोपरा खाली होता. उकिडवं बसून गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्यानं बसायला म्हणून दाराची वीट आत ओढून घेतली.

खट्.

आवाज इतका नेमका होता की तो खूश झाला. “लागलं की नाही बरोबर!” असं तो स्वतःलाच म्हणाला. मग कडी कुठल्या बाजूला आहे, ते त्याला आठवलं.

बायको येईपर्यंत काम उरकून घ्यावं, असा विचार करून त्यानं डोळ्यांवर काच घेतली. वेल्डिंगचा रॉड जळून संपल्यावर काच वर केली, तर भिंतीवर जावई बसला होता.

“हाड्!” वेल्डर ओरडला.

जावयानं आवाज कुठून आला ते पाहिलं. मध्ये जाळी आहे, हेही पाहिलं. मग तो खाली उतरला आणि टोपलीकडे निघाला.

वेल्डरनं पान्यानं पिंजरा बडवला. पिंजरा दणकट असल्यामुळे आवाज चांगला येत होता. जावयानं नुसता कान हलवला. थोरली पिसं फुलवून दुप्पट झाली, पण अंड्यांवरून हलली नाही. तेव्हा वेल्डरनं नवा रॉड लावला आणि पिंजऱ्याच्या लोखंडी अँगलवर घासला. निळा लखलखाट झाला. जावई उडून थेट भिंतीपाशी गेला.

“ये आता! ये की!”

तो आला. वेल्डरनं पुन्हा रॉड घासला. जावई मागे हटला, पण या वेळी थोडा कमी. असे रॉड संपत गेले आणि दर रॉडगणिक जावयाची भीड चेपत गेली. शेवटचा रॉड होल्डरला लावताना तर तो टोपलीपासून हातभर अंतरावर बसून पुढच्या लखलखाटाची वाट पाहत होता.

आता उपाय एकच होता. कडीजवळची जाळी जाळायची आणि हात बाहेर काढायचा. स्वतःच्या कामाला वेल्डरनं आजवर भोक पाडलं नव्हतं. त्यानं एकदा थोरलीकडे पाहिलं, दात आवळले आणि रॉड जाळीवर टेकवला. ठिणग्या मनगटावर उडाल्या. त्यानं हात हलवला नाही. तार लाल झाली, पांढरी झाली, वितळून गळाली. रॉड संपला. भोक पडलं होतं. त्यातून बरोबर एक बोट जात होतं.

“अहो! आत काय करताय?”

“माझं सोड! टोपली! टोपलीकडे बघ!”

बायकोनं हातातली बटाट्यांची पिशवी गरगरा फिरवून फेकली. जावई भिंतीवरून गेला. बटाटे परसभर झाले. बायकोनं टोपली उचलून छातीशी धरली. थोरलीनं तिला आणि मग दोन-तीनदा टोपलीच्या काठाला टोच मारली.

“अगं, कडी उचल.”

“आधी हिला आत ठेवते. स्वयंपाकघरात, ओट्याखाली.”

“आणि मी?”

बायको जाळीशी आली. तिनं भोक पाहिलं. त्यातून बाहेर आलेलं नवऱ्याचं बोट पाहिलं. भाजलेलं मनगट तिला दिसलं, तेव्हा ती क्षणभर थांबली.

“मलम आणते. तोवर तुम्हाला काय होतंय? पक्का केलाय ना?”

स्वयंपाकघराचं दार लागलं. आत भांडी सरकवल्याचा, मग ओट्याखाली काहीतरी अंथरल्याचा आवाज येत राहिला. मलम सापडल्याचा काही येईना.

जावई भिंतीवरून पुन्हा खाली उतरला. टोपलीची जागा त्यानं हुंगली. एक बटाटा उलटा करून पाहिला. मग पिंजऱ्याला सावकाश फेरी मारून भोकापाशी थांबला आणि आत डोकावला.

आत खाण्यासारखं काही नव्हतं.