भंतेंना सांगायची नावं

पितरांच्या पंधरवड्यात आई दरवर्षी विहारात न्यायला नोम कोंग, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या गोड कड्या, तळायची. यंदा तिच्याच नावाने तळायची पाळी माझ्यावर आली. तांदळाचं पीठ ओलसर राहिलं होतं. पहिल्या कड्या तेलात पडताच फुटल्या.

"लक्ष कुठंय तुझं? असल्या कड्या बघून ताई आल्या पावली परत जाईल," ताडगुळाचा पाक ढवळत सारोममावशी म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आज भंतेंना दोन्ही नावं सांग. तुझे बाबा थायलंडला मासेमारीच्या बोटीवर गेले ते गेलेच. पण ताईने कधी त्यांचं नाव पितरांत घेऊ दिलं नाही. शेवटपर्यंत म्हणायची, 'येतील.' तिकडे बिचारे उपाशी भटकत असतील. तू तरी त्यांना मोकळं कर, बाई. स्वतःही मोकळी हो."

वाट बघून मीही थकले होते. "सांगते," मी म्हणाले आणि पुढची कडी तेलात सोडली.

विहारात भंतेंनी नाव विचारलं. मी आईचं सांगितलं.

"आणखी कोणी?"

मी नकारार्थी मान हलवली.

बाहेर येताच मावशीने माझा दंड धरला. "अगं, कबूल केलं होतंस ना? मग बाबांचं नाव का नाही घेतलंस?"



"कसं घेणार, मावशी? आई तिथेच बसून ऐकत असणार."